मोबाईलच्या वाटची कामं: मानेवाड्यातल्या एका घराची सात महिन्यांची नोंद

मार्च २०२५ मध्ये चौथीच्या वर्गशिक्षिका एका मुलाला माझ्याकडे घेऊन आल्या. मी दक्षिण नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेत समुपदेशक आहे. तक्रारी दोन होत्या. सकाळच्या शाळेत दुसऱ्या तासालाच हा बाकावर डोकं टेकवून झोपतो, आणि फळ्यावरचं उतरवून घेताना शेजारच्याच्या वहीत पाहतो. बाईंना वाटलं, नक्कल करतो. मी त्याला खिडकीशी उभं करून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. त्याने डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि अंदाजाने काहीतरी सांगितलं. त्याला फळा दिसतच नव्हता.

झोपेचं विचारलं तेव्हा म्हणाला, "बाबा झोपले की मी झोपतो." हे मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तिथेच थांबायला हवं होतं. त्या वाक्याचा अर्थ लागायला मला महिना लागला.

कुटुंब पाच जणांचं. बाबा बुटीबोरीच्या एका कारखान्यात. सकाळी सातला कंपनीची बस, ओव्हरटाईम धरून रात्री पावणेनऊला घरी. आई मेडिकल चौकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नऊ ते पाच. दिवसभर घरी आजी, गुडघ्यांनी हैराण. मुलगा नऊ वर्षांचा, बहीण चार वर्षांची. त्यांना इथे दादू आणि छकुली म्हणते. घरातली नावं वेगळी आहेत, आणि ओळख पटू नये म्हणून आणखी दोन-चार तपशील बदलले आहेत. घर मानेवाडा भागातल्या एका लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, पहिल्या मजल्यावर, भाड्याचं. खाली घरमालक, वर गच्ची. शंभर पावलांवर लेआऊटची मोकळी जागा, तिच्यात निम्म्या भागात चारचाकी गाड्या उभ्या. गच्ची आणि ती मोकळी जागा यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

आई पहिल्यांदा भेटायला आल्या त्या खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागल्या. "मॅडम, घरी आला की मोबाईलच पाहून राहिला असते. हिसकला की घर डोक्यावर घेते. धाकटी तर मोबाईल लावल्याशिवाय तोंडच नाही उघडत." सगळे उपाय करून झाले होते. आजींनी फोन तांदळाच्या डब्यात लपवला. तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवशी दादू खालच्या घरमालकांच्या नातवाकडे जाऊन बसला. बाबांनी एकदा रागाच्या भरात फोन आपटला. काच फुटली, दुरुस्तीला बावीसशे रुपये लागले, आणि दुरुस्त होऊन फोन परत त्याच हातात आला.

कॅलेंडरवरची नोंद

मी उपाय सांगितला नाही. सात दिवस फक्त लिहून आणायला सांगितलं: कोणाच्या हातात, किती वाजता, किती वेळ, आणि त्या वेळी घरात दुसरं काय चालू होतं. हा चौथा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पालकांना मिनिटं विचारली की त्यांना लाज वाटते आणि ती कमी करून सांगतात. घरात काय चालू होतं हे विचारलं की ते खरं सांगतात.

आईंनी वही केली नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकोनांत, बारीक अक्षरात लिहिलं आणि महिन्याचं पान फाडून आणलं. एका चौकोनात होतं: "दूध १ लि. दादू २.१० ते ४.३०. आजी झोपल्या. बाहेर ऊन." दुसऱ्यात: "छकुली ८ ते ८.५०, जेवण, मी पोळ्या करत होते."

बेरीज केली तर दादूची शाळेच्या दिवशी सव्वाचार तासांच्या आसपास, रविवारी सहाच्या वर. छकुलीची जवळपास तीन तास, त्यातली बरीचशी जेवताना आणि वेणी घालताना. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दिलेल्या सूचना अशा आहेत: दोन वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या देखत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांपर्यंत दिवसाला दोन तासांपेक्षा कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी सांगितलं आहे की दिवसाला सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल हवी. दादूची हालचाल त्या आठवड्यात कॅलेंडरवर कुठेच नव्हती. शाळेच्या रिक्षातून उतरून जिना चढायचा तेवढीच.

आईंना त्यांचा स्वतःचा वेळ विचारला. "तासभर असेल." त्यांच्याच फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडून दाखवलं. रोजची सरासरी तीन तास पन्नास मिनिटं. त्या बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. मी घाईघाईने म्हटलं की यात लॅबचे मेसेज आहेत, भाजीवाल्याला केलेले पैसे आहेत, शाळेचा ग्रुप आहे. ते खरंही होतं. पण त्यांना धीर देण्याची मला इतकी घाई नको होती; त्या बाईला तो आकडा नीट पाहायचा होता.

ते कॅलेंडरचं पान मी टेबलावर पसरून दोन दिवस पाहत होते. चौथा रकाना सलग वाचत गेलं की एक गोष्ट उघड दिसत होती. या घरात मोबाईल कामाला होता. सकाळी सात वाजता तो छकुलीला वेणीसाठी स्थिर बसवायचा. दुपारी दीड ते साडेचार तो दोन्ही मुलांना सांभाळायचा, म्हणजे आजींची पाठ टेकायची. रात्री आठला तो छकुलीला जेवू घालायचा. साडेनऊनंतरही तो काहीतरी काम करत होता, पण कोणतं ते मला अजून कळत नव्हतं. मोबाईल काढून घ्या म्हणणं म्हणजे घरातल्या एका राबत्या माणसाला एका दिवसात काढून टाकणं. त्याची कामं कोण करणार, हे ठरवल्याशिवाय आजींचा तांदळाचा डबा पुन्हा पुन्हा हरणारच होता.

माझं पहिलं चुकलं

हे समजूनही मी सुरुवात चुकीची केली. शाळेत आमच्याकडे एक तयार तक्ता असतो. रोज ठरलेली कामं केली की चांदणी चिकटवायची, आठवड्याला चांदण्या मोजून बक्षीस. मी तोच दिला, आणि बक्षीस म्हणून रविवारी अर्धा तास जास्तीचा मोबाईल ठेवला. नवव्या दिवशी आईंचा फोन आला. दादू सकाळी उठल्याबरोबर विचारतो, "चार चांदण्या म्हणजे किती मिनिटं?" पाण्याचा पेला उचलून ठेवला तरी हात पुढे. आधी मोबाईल ही घरातली एक सवय होती. माझ्या तक्त्याने तिला पगार करून टाकलं. मी तो तक्ता परत मागवला. पालकांना मी आजही सांगते, ज्या गोष्टीची ओढ कमी करायची आहे तीच बक्षीस म्हणून ठेवू नका.

रात्रीचे पावणेदोन तास

बाबा मला एप्रिलच्या सुरुवातीला भेटले, त्यांच्या सुटीच्या दिवशी. कमी बोलणारा माणूस. मी त्यांना त्यांच्या रात्रीबद्दल विचारलं. नऊला जेवण, साडेनऊला आडवं होणं, हातात फोन. आणि दादू? "तो बाजूलेच असते. माझ्या हातावर डोकं ठेवते. आम्ही दोघं क्रिकेटचे व्हिडिओ पाहतो." किती वेळ? "अकरा, सव्वाअकरा." मग थोडं थांबून म्हणाले, "दिवसभरात हाच तर टाईम असते मॅडम आमचा."

तेव्हा मला मार्चमधलं ते वाक्य आठवलं. बाबा झोपले की मी झोपतो.

मुलगा स्क्रीनसाठी जागत नव्हता. बापाजवळ जाण्याची त्या घरात ती एकच वाट होती आणि ती फोनवरून जात होती. सकाळची शाळा म्हणून पावणेसहाला उठायचं, म्हणजे झोप जेमतेम साडेसहा तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. वर झोपायच्या आधी डोळ्यासमोर धरलेला उजेड झोप आणणारं संप्रेरक मागे ढकलतो, आणि एकामागून एक येणारे छोटे व्हिडिओ डोकं जागं ठेवतात. म्हणजे हा वेळ सगळ्यात आधी हलवायला हवा होता. पण तो नुसता बंद केला असता तर मुलाकडून आम्ही बाप काढून घेतला असता.

शतपावली हा शब्द आजींनीच काढला. "याचा आजा जेवला की चक्कर मारल्याबिगर टेकत नव्हता," त्या म्हणाल्या. ठरलं ते इतकंच: जेवण झालं की दोन्ही फोन फ्रिजवर चार्जिंगला, आणि बाप-लेकाने लेआऊटला एक चक्कर मारायची. एकच. दहा-बारा तास उभं राहून आलेल्या माणसाकडे मी तीन चकरा मागितल्या असत्या तर चौथ्या दिवशी सगळं बारगळलं असतं.

पहिल्या रात्री दोघं सात मिनिटांत परत आले, जवळजवळ न बोलता. बाबांनी मला नंतर सांगितलं की काय बोलावं हेच सुचेना. दुसऱ्या रात्री दादूने कोपऱ्यावरच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं सांगितलं. तिसऱ्या रात्रीपासून पिल्लं मोजायला जाणं सुरू झालं. नंतर बाबांनी त्याला कारखान्यातल्या प्रेसबद्दल सांगितलं, पत्रा कसा कापला जातो, दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय मशीन का चालत नाही. दादूने दुसऱ्या दिवशी शाळेत मला ते हातवारे करून दाखवलं. दोन्ही हात बाजूला पसरून, दोन्ही अंगठे एकदम दाबून. "एक हात सुटला ना मॅडम, तर मशीन बंद!" मी त्याला पहिल्यांदाच इतकं सलग बोलताना ऐकलं.

तिसऱ्या आठवड्यात एका चकरेच्या तीन झाल्या, कोणी न सांगता. दहा वाजता दादू अंथरुणात असायचा आणि सव्वादहाला झोपलेला.

घास

छकुलीचं जेवण याच्या शेजारी चालू होतं आणि ते मला सोपं वाटलं होतं. ते सोपं नव्हतं, कारण आईची भीती खोल होती. "पोट्टी उपाशी राहील." स्क्रीनकडे पाहत जेवणाऱ्या मुलाचं तोंड आपोआप उघडतं, पोट भरल्याचं त्याला कळत नाही, चवही कळत नाही, हे आईंना पटत होतं, पण रिकामं राहिलेलं ताट पाहवत नव्हतं. आम्ही डॉक्टरांकडे आधी वजन करून घेतलं आणि महिन्याने पुन्हा करायचं ठरवलं, म्हणजे रोजच्या ताटावर जीव टांगायला नको. छकुली खाली बसून, आजींच्या शेजारी, स्वतःच्या छोट्या ताटलीत, स्वतःच्या हाताने जेवेल. वीस मिनिटांनी ताटली उचलायची, आग्रह करायचा नाही. चार वर्षांचं मूल हाताने जेवू शकतं. पसाराही करतं.

पहिले पाच दिवस तिने वरणभाताचे चार-चार घास खाल्ले आणि रडून घेतलं. सहाव्या दिवशी आजींच्या ताटातली कैरीची फोड मागितली. दोन आठवड्यांत ती पूर्ववत जेवायला लागली, दुपारी थोडं जास्तच. महिन्याने वजन व्यवस्थित भरलं. वेणीचं मात्र जमलं नाही. आईंनी तिचे केस कापून बॉबकट केला आणि तो प्रश्न संपवला. मला तो उपाय उत्तम वाटला.

नागपूरची दुपार

मुलांना बाहेर खेळायला पाठवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याने नागपुरात एप्रिल काढलेला नसतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पारा ४४ च्या पुढे गेला होता. अकरानंतर रस्त्यावर दुपट्टा बांधलेल्या माणसांशिवाय कोणी दिसत नाही. संध्याकाळी सहालाही डांबरातून वाफ निघते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे सुटीही लांब. जवळजवळ दोन महिने मुलं कूलरच्या खोलीत बंद, आणि खोलीत एक फोन. दुपारचे हे तीन तास कोणाच्या आळसाने आलेले नाहीत. ते हवामानाने आलेले आहेत, हे आईंना मी ठासून सांगितलं, कारण त्या स्वतःला फार दोष देत होत्या.

म्हणून दुपार आम्ही पूर्ण मोकळी केलीच नाही. दुपारचा एक तास ठेवला, तीन ते चार, पण फोनवरून टीव्हीवर नेला. टीव्ही लांब असतो, भिंतीवर असतो, काय चाललंय ते आजींनाही दिसतं, आणि काय पाहायचं ते सकाळीच ठरवून ठेवता येतं. फोनवर एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो. तो आपोआप पुढे जाण्याचा पर्याय टीव्हीवर बंद करून ठेवला. कार्यक्रम संपला की खरोखर संपतो. हे लहानसं वाटतं, पण "आता बंद कर" या वाक्यावरून होणारी निम्मी भांडणं इथेच मिटली, कारण ते वाक्य म्हणायची वेळच कमी आली.

बाकीच्या दोन तासांसाठी आजींना विचारलं की उन्हाळ्यात घरात कोणती कामं असतात. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हातांची बोटं संपली. कूलरला दिवसातून दोनदा पाणी. माठ भरणं. कैऱ्या उकडून पन्हं. कुरडया, मूगवड्या, मिरच्यांची देठं काढणं.

कूलरचं पाणी दादूकडे आलं. पाईप तिथपर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून मोरीतून अर्धी बादली भरून आणायची. एका वेळेला दहा-बारा खेपा. यात एक नियम मी कागदावर लिहून घरात लावायला सांगितला: आजींनी कूलर बंद करून प्लग काढून हातात घेतल्याशिवाय दादूने कूलरला हात लावायचा नाही. पाणी भरताना कूलरचा शॉक लागून आपल्या भागात उन्हाळ्यात माणसं दगावतात. आजी तो प्लग खरोखर हातात धरून उभ्या राहायच्या, आरतीचं ताट धरावं तसा.

वाळवणाचं काम पहाटेचं. साडेपाचला गच्चीवर चीक घेऊन जायचं, धुतलेलं धोतर पसरायचं, सोऱ्याने कुरडया घालायच्या. आजींचे गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून चीक शिजवून त्या खाली बसायच्या आणि आई, दादू, छकुली वर. सोऱ्या फिरवायला दादूची सगळी ताकद लागायची. छकुली कावळे हाकलायची, म्हणजे गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायची. आठ वाजले की सगळे खाली. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला तेव्हा धावत जाऊन धोतर गोळा करण्याची जी धांदल उडायची, तिचं वर्णन छकुलीने मला जूनमध्ये उभं राहून करून दाखवलं.

खोलीत आणखी एक गोष्ट केली. जुन्या मोज्यात चेंडू घालून तो दोरीने दाराच्या चौकटीला टांगला. दादू बॅटने एकसारखा तो टोलवत बसायचा. घरमालकांनी दोनदा आवाजाची तक्रार केली, मग चेंडू बदलून स्पंजचा आणला.

एकटा पोरगा मैदानात जाऊन करेल काय

घरकाम म्हणजे खेळ नव्हे, हे मला माहीत होतं. मुलाला पळायला हवं, आणि पळायला दुसरी मुलं हवीत. आईंनी दादूला दोनदा सकाळी सहाला मोकळ्या जागेवर पाठवलं. तो दोन्ही वेळा दहा मिनिटांत परत आला. "तिथे कोणीच नाही."

आईंनी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. मला विचारून टाकला नाही, आणि तो मी सुचवलेल्या कशाहीपेक्षा जास्त उपयोगी पडला: "उद्यापासून सकाळी सहा ते सव्वासात कोणाची मुलं खेळायला येतील? मी सोमवार-मंगळवार उभी राहीन." चार घरांतून होकार आला. आठवड्याचे दिवस वाटून घेतले. गाड्यांचे मालक आधी कुरकुरले, मग दोघांनी रात्री गाड्या पलीकडे लावायला सुरुवात केली.

पहिले काही दिवस नुसतं क्रिकेट. त्यात मोठी मुलं बॅटिंग करायची आणि लहान मुलं चेंडू आणायची, आणि दादूसारखा अंगाने सैल झालेला मुलगा बहुतेक वेळ उभा. मग रोज फिरायला येणारे एक निवृत्त आजोबा थांबले. त्यांनी फक्की मागवली आणि आट्यापाट्यांचं मैदान आखलं: आडव्या पाट्या, मधून उभी सूरपाटी. विदर्भात हा खेळ अजून स्पर्धांत खेळला जातो, पण या मुलांनी तो पाहिलेला नव्हता. त्यात उभं राहायला जागाच नाही. पाटी धरणारा आडवा धावतो, जाणारा हुलकावणी देतो, आणि दर अर्ध्या मिनिटाला कोणीतरी सापडतो. दादू पहिल्या दिवशी तीन मिनिटांत धापा टाकत खाली बसला. मेअखेर तो सूरपाटीवर उभा राहायला लागला.

या सकाळीमागे डोळ्यांचंही कारण होतं. दादूला मार्चमध्येच उणे एकचा चष्मा लागला होता. दूरचं न दिसण्याचा हा दोष मुलांमध्ये वाढतो आहे, आणि चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढलेल्या मुलांमध्ये हा दोष नव्याने लागण्याचं प्रमाण तीन वर्षांत ३०.४ टक्के दिसलं, तर नेहमीच्याच वेळापत्रकातल्या मुलांमध्ये ३९.५ टक्के. कारण बहुधा उजेडात आहे. पडदे ओढलेल्या कूलरच्या खोलीत एक-दोनशे लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो. सकाळी झाडाच्या सावलीतही त्याच्या कित्येक पट. लागलेला चष्मा यामुळे जात नाही, आणि तो काढून ठेवायचाही नाही, हे मी दादूला आणि आईला दोनदा सांगितलं. छकुलीला मात्र अजून चष्मा नाही. तिच्यासाठी त्या सकाळी फार मोलाच्या आहेत.

जून-जुलैची घसरण

शाळा उघडली आणि दोन आठवड्यांत बरंच काही निसटलं. गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येतो, म्हणून फोन "अभ्यासासाठी" दादूच्या हातात, आणि गृहपाठाच्या शेजारीच बाकी सगळं. शाळा माझीच, म्हणून मी वरिष्ठांकडे विषय काढला. गृहपाठ वर्गातच वहीत लिहून देण्याची पद्धत अजून सगळ्या वर्गांत आलेली नाही. तोवर आईंनी स्वयंपाकघरात एक पाटी टांगली आणि संध्याकाळी ग्रुपवरचं त्यावर खडूने उतरवायला लागल्या. पाच मिनिटांचं काम, रोजचं.

मग जुलैच्या शेवटी आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. शहरात लहान मुलांच्या तोंडी एकच विषय. दादूलाही बुद्धिबळ हवं झालं, आणि ते त्याला फोनवर सापडलं. बाबा खूश: हा तर डोक्याचा खेळ. मला विचारलं तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण नाही म्हणायला मला जड जात होतं. त्याच्याबरोबर बसून पाहिलं. तो एक-एक मिनिटाचे डाव खेळत होता, हरला की विचार न करता पुढचा. चाळीस मिनिटांत पंचवीसच्या वर डाव. त्याला एकही आठवत नव्हता. आम्ही लाकडी पट आणला, आणि फक्कीवाले आजोबा संध्याकाळी जिन्यात बसून त्याच्याशी खेळायला लागले. दिवसाला एक डाव, कधी तो अर्धाच राहतो आणि पट तसाच झाकून ठेवावा लागतो. फोनवरचे डाव रविवारी, मोठ्या वेळेचे. ही तडजोड आहे, आणि मला ती ठीक वाटते.

पावसाळ्यात मोकळ्या जागेत चिखल. खेळ आठवड्यातून तीन दिवसांवर आला. ऑगस्टमध्ये तान्ह्या पोळ्याला छकुलीने लाकडी बैल ओढत गल्लीतली सगळी घरं दोनदा पालथी घातली.

सप्टेंबरअखेर

कॅलेंडरचं पान पुन्हा मागवलं. दादू शाळेच्या दिवशी दीड तासाच्या आत, रविवारी अजून तीन तास. छकुली पाऊण तास, जेवताना अजिबात नाही. आईंचा आकडा दोन तासांवर आलाय. त्यांनी विचारल्याशिवाय दाखवला. बाबांचा फोन सुटीच्या दिवशी पूर्वीसारखाच चालतो आणि त्यावर मी काही बोलले नाही. आजींच्या मालिकांना कोणी हात लावलेला नाही. वर्गात झोपण्याची तक्रार जुलैपासून नाही.

एक गोष्ट नव्याने अडली. सप्टेंबरच्या मध्यापासून बाबांना दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी लागली. कंपनीची बस चौकातून रात्री साडेनऊला. त्या आठवड्यात शतपावली बंद, आणि पहिल्याच वेळी दादू तीन रात्री अकरापर्यंत जागा. फोन मागितला नाही, नुसता पडून राहिला. आई म्हणाल्या, आता काय करायचं सांगा. मला पटकन सुचलं नाही.

उपाय पुन्हा घरातूनच आला. दादू बाबांना चौकापर्यंत सोडायला जातो. पण नऊ वर्षांच्या मुलाला रात्री एकट्याने परत कसं येऊ द्यायचं? छकुलीला झोपवायची म्हणून आई निघू शकत नाहीत. मग आजी चप्पल घालून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "माहे टोंगये दुखतेत बाप्पा, पण हळूहळू येईन." बस गेली की दोघं परत फिरतात. जाताना जे अंतर सात मिनिटांत होतं ते येताना वीस मिनिटं घेतं, कारण मध्ये दोन ठिकाणी ओट्यावर टेकावं लागतं. साडेनऊच्या मालिकेचा भाग अर्धा होऊन गेलेला असतो. दादू आजींचा हात धरून चालतो आणि कुत्रीची पिल्लं, जी आता मोठी झालीत, त्यांना एकेक करून दाखवत आणतो.